देश एफचं मत

माझ्या नवऱ्याला स्वतःचं मत नसतं. म्हणजे पोटात कुठेतरी असेलही, पण लग्न झाल्यापासून मी ते बाहेर आलेलं पाहिलं नव्हतं. साडी कुठली नेसू विचारलं तर "दोन्ही छान". सौदीत अल-खोबरमधल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कोजागिरीला मिसळ की पावभाजी" असा पोल आला, तर या गृहस्थानं दोन्हींवर टिक केलं. का, तर उगाच कुणाला वाईट वाटायला नको. अरे, पावभाजीला कसलं डोंबलाचं वाईट वाटतंय!

त्याचं म्हणणं असं, की आपण इकाम्यावर राहणारी माणसं. आज आहोत, उद्या राहण्याचा परवाना संपला की खलास. मतं बाळगायची ती ज्यांचा देश आहे त्यांनी. तो रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनीअर आहे. रविवारपासून तिथल्या कॅम्पात असतो आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. मी इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आठवडाभर लोकांना झोपवते आणि शुक्रवार-शनिवार याला जागं करायला बघते.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्या वर्षी आमची लेक बारावीत होती. इथली भारतीय शाळा बारावीला संपते, पुढे मुलं कुठे ना कुठे जातातच. तिला पुण्याला जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे होते आणि प्रवेशही मिळाला होता. दुसरा पर्याय समुद्रावरच्या पुलापलीकडे बहारीनचा, घरून जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकायचा. पुण्याला रविवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि बाबा काहीच बोलत नव्हता. विचारलं की "दोन्ही छान". पोरगी रडकुंडीला आली होती. "हो म्हणाला तर जाईन, नाही म्हणाला तर भांडेन," ती मला म्हणायची, "पण आई, हा काहीच म्हणत नाही गं!"

त्यातच शाळेत त्या शनिवारी खोटा-खोटा संयुक्त राष्ट्रसंघ भरणार होता. विषय होता अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा. एक देश समुद्रकाठी अणुभट्टी चालवतोय, युरेनियम समृद्ध करतोय, म्हणतो विजेसाठी. बाकीचे म्हणतात बॉम्बसाठी. तो तपासनीसांना आत येऊ देत नाही. आता काय करायचं? शाळा हुशार. आखाताच्या काठावर राहून खऱ्या शेजाऱ्यांची नावं कशाला घ्या, म्हणून सगळ्या देशांना नुसती अक्षरं दिली होती. लेकीच्या वाट्याला आला देश एफ. चिमुकला, सैन्य नाही, नदी नाही, प्यायचं पाणी त्याच समुद्राचं.

"एवढ्याशा देशानं काय भूमिका घ्यायची?" तिनं शुक्रवारी जेवताना विचारलं.

"तटस्थ," बाबा म्हणाला. विचार करायलाही घास थांबवला नाही. यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. वर भाषणही लिहून दिलं. वाचते तर काय, त्यात होतं, "आपल्या वादाची नोंद घेतली आहे. संबंधित विभागाशी बोलून लवकरच कळवतो." माणूस इतकी वर्षं ऑफिसच्या ई-मेली लिहीत आलाय, देश एफच्या वतीनंही त्यानं तीच लिहिली!

"बाबा, सीरियसली?" लेक म्हणाली. मग सहज म्हणून तिनं विचारलं, की समुद्रात काही सांडलं तर तुमच्या प्लांटवर काय करतात.

आणि मग हा बोलायला लागला. तेलाचा तवंग आला की समुद्राचं पाणी आत घेणं बंद करावं लागतं. जेलीफिशचा थवा आला तरी जाळ्या तुंबतात, धावपळ होते. मग टाकीत साठा असेल तेवढाच. "आणि किरणोत्सारी काही आलं तर?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तर पाणी कुठून आणायचं हे मला माहीत नाही." मी भांड्यातलं पाणी पीत होते, ते खाली ठेवलं. लेक त्याच्याकडे बघत राहिली आणि अर्ध्या जेवणावरून उठून लिहायला बसली.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पालक मागच्या रांगांत. पुढे कोटातली पोरं एवढी गंभीर, की बाई गं, जगाचं आता भलंच होणार! देश ए म्हणजे सगळ्यांत मोठा देश. त्याच्या प्रतिनिधीनं सकाळी कॅन्टीनमध्ये आमच्या लेकीला शावर्मा देऊ केला होता, मतासाठी. तिनं तो खाल्ला आणि मत देते असं काही सांगितलं नाही. इथपर्यंत बापाचं रक्त.

ठराव असा होता: तपासनीसांना आत घ्या, नाहीतर मोठे देश हवी ती कारवाई करतील. देश एफचा पुकारा झाला तेव्हा ती नुसती उभी राहिली, हातात कागद नाही. म्हणाली, तपासनीस आत गेलेच पाहिजेत, कबूल. पण कारवाई म्हणजे उद्या त्या भट्टीवर बॉम्ब टाकणार असाल तर समुद्र आमचाही आहे. भट्टी त्यांच्या चुकीनं फुटली काय नि तुमच्या बॉम्बनं फुटली काय, आमचा नळ दोन्हीकडून बंद होतो. भट्टीवर हल्ला करणार नाही एवढं एक वाक्य ठरावात घाला.

देश ए उठून म्हणाला, "तुमच्याकडे ना भट्टी ना बॉम्ब. तुमचा काय संबंध?"

"आम्ही ते पाणी पितो," ती म्हणाली.

वाक्य काही घातलं गेलं नाही. मतदान झालं. बाजूनं हातांचं रान उगवलं, चार-दोन तटस्थ राहिले, भट्टीवाल्या देशाला मत नव्हतं; बाकीच्यांत विरोधात हात एकच, आमच्या लेकीचा. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला आणि बक्षीस मिळालं देश एला. मला इतका राग आला, की शेजारच्या बाईंना मी म्हटलंच, परीक्षकांना तहान लागत नाही वाटतं! लेक मात्र खुशीत होती, हरल्याचं सोयरसुतकच नाही.

गाडीत बसलो. त्याला संध्याकाळी कॅम्पवर परतायचं होतं. किल्ली फिरवलीन, पण गाडी काही हलवेना.

"यल्ला, निघ की," मी म्हटलं.

"मी विरोधात आहे," तो म्हणाला.

"कशाच्या?"

"ही पुण्याला जाण्याच्या." समोर बघतच बोलत होता. "हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायची लाज वाटत होती. लहानपणापासून मला ही आठवड्यातले दोनच दिवस मिळाली. आता तेही जाणार. ही नसली तर मी घरी कशाला येऊ?"

"आणि मी काय घरातलं कपाट आहे?" तोंडाशी आलं आणि नेहमीप्रमाणे मी बोलूनही टाकलं. कुणी हसलं नाही.

मागून लेकीचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे जाऊ नको?"

"मी माझं मत सांगितलं. तुझं काय?"

"जायचंय."

"आणि तुझ्या आईचं?"

"जाऊ दे तिला," मी म्हटलं.

"मग दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर. उद्या कळवून टाक त्यांना." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

मला वाटलं, पोरगी आता आनंदानं ओरडेल. तिनं मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"हे आधी का नाही बोललास, बाबा? मला वाटायचं, मी गेले काय नि राहिले काय, तुला काही फरकच पडत नाही."