साळवे मॅडमनी सांगितलेला पिक्चर

चाकणच्या कंपनीत मी नवीन लागलो होतो. एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, मांडीवर जेवणाचा डबा. डोळे सुजलेले आणि चेहरा पांढराफटक. मला राहवेना. घरी काही झालंय का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाल्या, "एका बाईनं पोराला स्टेशनात बाकावर बसवलं, पाणी घेऊन येते म्हणाली, आणि गेली ती गेलीच. मुद्दाम."

मी हादरलो. चिंचवड स्टेशनात का, कधी, पोलिसात कुणी कळवलं की नाही, असं काय काय विचारत सुटलो. त्या खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, "हंगेरीत. काल पिक्चर बघितला."

पुढच्या सीटवरचे दोघे गालात हसले. त्यांना हे रोजचं होतं.

विजया साळवे आमच्या क्वालिटी विभागात होत्या. आमच्याकडे गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात, ते तपासायचं त्यांचं काम. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात कामगार होते. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीत पडद्यावर पिक्चर दाखवायचे, तिथून ही गोडी लागली असं त्या सांगायच्या. लग्न केलं नाही. घरी त्या आणि आई. भाच्यानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि साळवे मॅडमच्या हाती सगळं जग लागलं. इंग्रजी जेमतेम होतं. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचायला त्या दर मिनिटाला पिक्चर थांबवायच्या. "ओळ वाचू की माणसाचं तोंड बघू? दोन्ही एकदम जमत नाही. मग मी आधी ओळ वाचते, मागं जाते आणि तोंड बघते," असं त्यांचं तंत्र होतं. दीड तासाचा पिक्चर त्यांना चार संध्याकाळी पुरायचा.

पिक्चर आवडला असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. धक्का बसला, एवढंच म्हणायच्या. करमणूक हवी असेल तर मालिका आहेत की, पिक्चरनं माणूस जागचा हलला पाहिजे, असं त्यांचं मत. जपानचा एक पिक्चर त्यांनी आम्हाला भोसरीपासून चाकणपर्यंत सांगितला. नवराबायको रोज समोरासमोर बसून जेवतात, भांडण नाही, तंटा नाही. शेवटी बायको नवऱ्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवते, आणि तो ते घालून कायमचा निघून जातो. "एवढं घर मोडलं आणि आवाज नाही हो झाला," मॅडम म्हणाल्या.

दुसरा एक कुठल्या तरी बर्फाळ देशातला. म्हातारी आई स्वतःच बॅग भरून वृद्धाश्रमात निघते. मुलगा रडतो आणि आई गाडीत गाणं म्हणते. मॅडम यावर भयंकर अस्वस्थ झाल्या होत्या. "मला सांगा, हे बरोबर आहे का? आईनं निदान मागं वळून तरी बघावं," असं त्या प्रत्येकाला विचारत होत्या. बसमध्ये दोन तट पडले. आमचे ड्रायव्हर तापकीर मामा चऱ्होलीचे, एरवी रस्त्यावरून नजर न काढणारे. ते आरशातून बघत म्हणाले, "मॅडम, म्हातारीला घरात करमत व्हतं का, ते कुनी इचारलं व्हतं का आधी?" उतरताना मॅडम मामांना म्हणाल्या, की हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एका वर्षी महिला दिनाला एचआरनं ठरवलं की कॅन्टीनमध्ये बायकांना एखादा पिक्चर दाखवायचा. निवड साळवे मॅडमवर सोपवली. बायकांच्या जिद्दीबद्दल काहीतरी असेल, अशी एचआरच्या साहेबांची समजूत. प्रोजेक्टर लावायचं काम माझ्याकडे होतं.

पिक्चर निघाला पोर्तुगालचा. मासे डब्यात भरायचा कारखाना, पट्ट्यासमोर ओळीनं उभ्या असलेल्या बायका. आमच्या बायका सुरुवातीला कुजबुजत होत्या, हसत होत्या. हळूहळू त्यांना त्या पट्ट्यावर आपलीच लाइन दिसायला लागली. तोच वेग, तीच टार्गेटची पाटी, बाथरूमला जायला तीच परवानगी. आणि मग पडद्यावरच्या एका बाईचा हात मशीनमध्ये गेला. कॅन्टीनमध्ये एकच किंकाळी उठली. सुपरवायझर त्या बाईचा हात फडक्यात गुंडाळतो, तिला बाहेर नेतो आणि पट्टा चालूच राहतो. इथं साहेबांनी मला हातानं खूण केली. मी प्रोजेक्टर बंद केला.

साहेब पुढे आले. काहीतरी तांत्रिक अडचण आहे, चहा आणि केक घेऊ या, असं म्हणाले. बायका जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात साळवे मॅडम उठून पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बसमध्ये सांगायच्या तशाच आवाजात त्यांनी पुढचा पिक्चर सांगायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं की जखमी बाईच्या शेजारची बाई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहते. मासे पुढे येतच असतात. मग ती हात लांब करून लाल बटण दाबते. पट्टा थांबतो. सुपरवायझर पळत येऊन पट्टा परत चालू करतो, तर पलीकडची बाई बटण दाबते. मग तिसरी. शेवटी सगळ्या जणी हात पाठीमागं बांधून नुसत्या उभ्या राहतात, घोषणा नाही की आरडाओरडा नाही. जखमी बाईला चांगल्या दवाखान्यात नेलं असा निरोप येईपर्यंत आणि मशीनला जाळी बसेपर्यंत कुणी हात पुढं करत नाही. "संपला," असं म्हणून मॅडम जाग्यावर जाऊन बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यांची बदली क्वालिटीतून स्क्रॅपच्या शेडमध्ये झाली. तिथं पत्र्याखाली दिवसभर नापास माल वेगळा करायचा. बसमध्ये त्या तशाच बोलत राहिल्या, फक्त साडीला ग्रीसचे डाग दिसू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या लाइनवर अपघात झाला. वायरच्या टोकाला पिन दाबून बसवणाऱ्या मशीनचा सेन्सर काम लवकर उरकावं म्हणून बंद करून ठेवला होता. परभणीकडची अनिता नावाची मुलगी त्या मशीनवर होती. तिची दोन बोटं आत सापडली. सुपरवायझरनं तिला बाहेर नेलं आणि कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या जीपमध्ये बसवायला सांगून तो परत आला. मी माल न्यायला तिथंच उभा होतो. शेजारच्या टेबलवरच्या बाईनं रक्त बघितलं, अनिताच्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं आणि लाल बटण दाबलं. सुपरवायझरनं लाइन चालू केली. पलीकडच्या बाईनं थांबवली. मग एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या, हात पाठीमागं.

सुपरवायझर ओरडत होता आणि बायका त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मोठे साहेब आले. त्यांनी विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. त्यातली एक वयस्कर बाई खाली मान घालून म्हणाली, "कुणी न्हाई साहेब. पोर्तुगालमधी असंच करत्यात."

अनिताला निगडीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. एक बोट वाचलं. सगळ्या मशीनचे सेन्सर चालू झाल्यावरच लाइन सुरू झाली. साळवे मॅडमना ही बातमी मी शेडमध्ये जाऊन सांगितली. त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं आनंदानं बसल्या असतील. पण त्यांचा चेहरा भेदरलेला होता. खरंच थांबवली का, असं त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं.

त्या निवृत्त झाल्यावर मला तो पिक्चर पूर्ण बघायची फार इच्छा झाली. एका रविवारी पुनावळ्याच्या माझ्या घरी लावला. मशीनमध्ये हात जातो, बाईला बाहेर नेतात, पट्टा चालू राहतो. मी लाल बटणाची वाट बघत बसलो. ते आलंच नाही. शेजारची बाई रिकाम्या जागेकडे एकदा बघते आणि तिच्या वाटणीचे मासेही स्वतःच्या डब्यात भरायला लागते. खुंटीवरचा जखमी बाईचा एप्रन एक नवी मुलगी येऊन घालते आणि त्या जागी उभी राहते. पट्टा चालूच असतो. पिक्चर संपतो.

मी मागं जाऊन पुन्हा बघितलं, तरी तेच.

पुढच्या सुट्टीला पिंपरीला त्यांच्या घरी गेलो. आई आत झोपल्या होत्या. मॅडमनी चहा ठेवला. पिक्चर बघितल्याचं मी सांगितलं, तशा त्या गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कुणाला बोललात?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"तो शेवट बघून मला दोन दिवस अन्न गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तरी दाखवायचं ठरवलं होतं. खरं आहे ते दिसू दे म्हटलं. पण साहेबांनी बंद केला आणि मी पुढं उभी राहिले, तर सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांना परत मशीनवरच जायचं होतं. तो शेवट घेऊन त्यांना कसं पाठवू? माझ्या तोंडून निघेना." मग म्हणाल्या, "पण त्या खरंच तसं करतील असं मला वाटलं नव्हतं. असा धक्का मला कुठल्याच पिक्चरनं दिला नाही."

साळवे मॅडम गेल्या हिवाळ्यात गेल्या. अंत्ययात्रेला कंपनीतल्या बायका पहिल्या पाळीचा खाडा करून आल्या होत्या. अनिताही होती.

अजूनही लाइनवर नवी मुलगी लागली की जुन्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिला तो पिक्चर सांगतात. सांगता सांगता त्यात पुष्कळ भर पडली आहे. मागच्या आठवड्यात अशीच एक नवी मुलगी कॅन्टीनमध्ये माझ्याकडे आली. या सगळ्या म्हणतात तुम्ही तो पिक्चर स्वतः बघितलाय, तर शेवटी त्या बायका खरंच पट्टा थांबवतात का, असं तिनं विचारलं.

"थांबवतात," मी म्हणालो.