गाडी बाजूला घे

टीव्हीवर काश्मीरचा बर्फ दिसला की ताई मान वळवून कोरडंच "थू!" म्हणायच्या. पडद्यावर नवी जोडपी एकमेकांना बर्फाचे गोळे मारत असायची, बातमी सांगणारी पोरगी आनंदानं चिरकत असायची. ताई म्हणायच्या, "खेळायलेत बघा. हीच थंडी उद्या खाली उतरून रस्त्यावर बसंल, त्याचं कुणाला काय!"

जालना रोडवर माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शेजारी ट्रान्सपोर्टचं ऑफिस, मधे एकच पातळ भिंत. ताई त्या ऑफिसात 'लोकेशन'वर होत्या. म्हणजे दिवसभर ड्रायव्हरांना फोन करून गाडी कुठं आहे ते विचारायचं आणि शेठला सांगायचं. पाचोडहून मोसंबी भरलेल्या गाड्या धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीला जातात. थंडीत तुम्ही हा रस्ता पाहिला नसेल तर सुखी आहात. आपण इकडं ऊन खात बसतो, तेव्हा तिकडं पहाटे पुढचा ट्रक दिसत नाही. धडकल्यावर कळतो.

संध्याकाळी हवामान खात्याचा देशाचा नकाशा मोबाईलवर आला की ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि फोन नाकाला लावायच्या. कुठं पिवळा, कुठं नारंगी, कुठं लाल. मग ड्रायव्हरांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकायच्या, कारण लिहिलेलं कुणी वाचत नाही. "उद्या पहाटे ग्वाल्हेरच्या पुढं लई दाट धुकं सांगितलंय. लाल हाय, लाल. गाडी बाजूला घे. चहा पी. सूर्य दिसला की निघ." ग्रुपवर सगळे असले तरी त्या एकेरीतच बोलायच्या. त्यामुळं प्रत्येकाला वाटायचं, ताई मलाच सांगायल्यात.

अंदाज कधी चुकायचाही. एकदा त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि सकाळी तिकडं लख्ख ऊन! पोरांनी ढाब्यावर बाजा टाकून, पराठे खातानाचे फोटो पाठवले. "ताई, धुंद किधर है? पराठे के नीचे देखे, नै मिली." शेठ दिवसभर फुरफुरत होता. ताईंनी फोटो मला आणून दाखवला आणि म्हणाल्या, "हसू द्या, भाऊ. हसायला शिल्लक हायत ना?"

आता शेठबद्दल. मला त्या माणसाची किळस येते आणि ते मी लपवत नाही. मोसंबी सोलत ऑफिसात फिरायचा, बिया ताईंच्या टेबलाजवळच थुंकायचा. ताईंचा निरोप गेला की ग्रुपवर त्याखाली अंगठा दाखवायचा, जबाबदार मालकासारखा. मग बाहेर ओट्यावर येऊन एकेका ड्रायव्हरला फोन लावायचा. आवाज असा की पलीकडच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू यावा. "ताईचं ऐकलं ना? बरं झालं. आता माझं ऐक. माल नासतो, ड्रायव्हर नासत नाय. चालव!"

हे रोजचं होतं. ताई आतून ओरडायच्या, "शेठ, कामून जीव घ्यायलात?" शेठ म्हणायचा, "तुम्ही तुमचं काम करा, ताई. इशारा द्यायचं काम तुमचं."

त्या थंडीत पाचोडकडचा एक ड्रायव्हर मथुरेच्या अलीकडं धुक्यात उभ्या ट्रकवर आदळला. थंडीत कानाला बायकोचा स्कार्फ बांधणारा, सगळ्यांनी चिडवलं तरी न काढणारा तो पोरगा. जीव वाचला, पाय गुडघ्यापासून गेला.

दोन दिवसांनी त्याची बायको सासऱ्याला घेऊन ऑफिसात आली. नवऱ्याला तिकडच्या दवाखान्यातून इथं आणायची सोय करा, एवढंच तिचं मागणं होतं. शेठनं त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि मोबाईल काढून टेबलावर ठेवला. भिंतीपलीकडून मला ताईंचा ग्रुपवरचा त्या दिवशीचा आवाज ऐकू आला. "लाल हाय, लाल. गाडी बाजूला घे."

"ऐकलं?" शेठ म्हणाला. "आम्ही आधीच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाय. आता ज्याची चूक, त्यानंच निस्तरायची."

सासरा हळूच म्हणाला, "पोरगं पहिल्यापासून हट्टीच."

मग ताईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "शेठ, पुढचं बी ऐकवा की."

"पुढचं काय?"

"मी सांगितल्यावर तुम्ही ओट्यावर जाऊन काय सांगितलं ते."

"त्याला पुरावा हाय का काही?" शेठ चक्क हसला.

भिंतीवर धाडधाड थापा पडल्या. "भाऊ, इकडं या!" मी ग्रीसच्या हातांनी तसाच गेलो. ताईंचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. "त्या दिवशी सांजंला शेठ ओट्यावरून काय म्हणले?"

मी जसंच्या तसं सांगितलं. माल नासतो, ड्रायव्हर नासत नाय, चालव. माझ्या मागून पंक्चरवाला दारात येऊन उभा राहिला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मैं भी सुना," तो म्हणाला. "रोजच सुनते हम. पूरी गल्ली सुनती."

शेठनं हातातली मोसंबी खाली ठेवली.

ड्रायव्हरच्या बायकोनं ताईंकडं पाहिलं. "म्हणजे ह्यांनी ऐकलं नव्हतं, असं नाय?"

"ऐकलं होतं गं," ताई म्हणाल्या. "मला फोन करून सांगितलं त्यानं, घेतली ताई बाजूला. शेठनं काढायला लावली."

ती तेव्हा रडली. शेठनं त्याला आणायला गाडी पाठवली, मनानं नव्हे, दारात जमलेल्या लोकांकडं पाहून.

त्याच संध्याकाळी ताईंनी पर्स उचलली आणि माझ्या दुकानापाशी थांबल्या. "शी! माझाच आवाज ढालीसारखा धरला त्यानं, भाऊ. अंगावरून घाण गेल्यासारखं वाटायलंय. येते, जयभीम." त्यानंतर त्या ऑफिसला आल्या नाहीत. हर्सूलला घरीच शाळेचे गणवेश शिवतात असं कळलं.

आता ग्रुपवर इशारा आपोआप येतो. छान रंगीत चित्र, वर ट्रान्सपोर्टचं नाव, खाली एक ओळ : आपली सुरक्षा, आपली जबाबदारी. ती ओळ वाचली की माझ्याही तोंडून थू निघतं. शेठ आता फोनवर हळू बोलायला शिकलाय, बदल एवढाच.

परवा नकाशा परत लाल झाला. दिवेलागणीला शेठ ओट्यावर आला आणि हळू बोलायचं विसरला. "सगळ्याच्या सगळ्या गाड्या ग्वाल्हेरलाच कामून थांबल्यात? अन् एकाचा बी फोन कामून लागंना?"

मी दुकानात आलो आणि ताईंचा नंबर लावला. बिझी होता. थोड्या वेळानं परत लावला.

बिझीच होता.