काट्यावरचे देश

"थांबा. रिकामी येऊ दे."

असं म्हणून काका उजव्या हाताचा तळवा तुमच्या तोंडासमोर धरत. ट्रक थांबवावा तसा. नवा माणूस गांगरायचा. आम्हा सोसायटीवाल्यांना सवय होती. बारडोलीकडच्या एका साखर कारखान्यात काकांनी उभी नोकरी वजनकाट्यावर काढली होती. उसाची भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, ऊस उतरवून झाला की तीच गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते, आणि दोन्ही वजनांतला फरक म्हणजे ऊस. रिकामी येईपर्यंत गाडीवानाने कितीही मिशीला पीळ दिला तरी उपयोग नाही. निवृत्त होऊन काका सुरतेत उधन्याला आमच्या इमारतीत राहायला आले, पण काटा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. जावई चांगला निघाला म्हणा, नवा नगरसेवक कामाचा आहे म्हणा, काकांचा तळवा वर. रिकामी येऊ दे.

असा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असणार. नसेल तर तुमचं नशीब, कारण अशा माणसासमोर कुणाचं कौतुक करायची सोय नसते. आमचे काका आता नाहीत, आणि हल्ली आम्ही बिनधास्त कुणाचंही कौतुक करतो. त्यात काही मजा येत नाही.

करोना आला आणि काकांना काट्यावर चढवायला अख्खं जग मिळालं. पहिल्या दोन लाटांत सगळेच धास्तावलेले होते, तेव्हा ते फार बोलले नाहीत. दुसऱ्या लाटेने तर काकूंनाच धरलं होतं. त्या वाचल्या, पण छातीने साथ सोडली ती सोडलीच. दोन खोल्या चालल्या तरी धाप लागायची. मग थंडीच्या सुरुवातीला तो नवा व्हेरियंट आला. वाऱ्यासारखा पसरतो म्हणत होते. बातम्यांत रोज जगाचा नकाशा लाल व्हायला लागला आणि काका सकाळी खाली बाकावर येऊन बसायला लागले.

"काका, आजे कयो देश?" तळमजल्यावर साड्यांना लेस लावण्याचं काम घेणारे शेजारी सुरती थाटात विचारायचे.

"हॉलंड," काका सांगायचे. "ऐन नाताळात कुलूप लावलं. चीनने तर शहरच्या शहर घरात कोंडलं. आणि इंग्लंड बघा, म्हणतंय सुया टोचा आणि कामाला लागा."

"एमां सारुं कोण?" शेजाऱ्यांना चांगल्यावाईटाचा निकाल हवा असायचा.

तळवा वर. पुढचं आम्हाला पाठ होतं.

एकाच देशाबद्दल मात्र काका रिकामी गाडी यायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले होते. तो न्यूझीलंड. तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या देशाने आपल्या वेशी कधीच्या बंद केल्या होत्या. आपलीच माणसं परत यायची तरी आधी संगणकावर रांग लावायची, नंबर लागला तर सरकारी हॉटेलात कोंडून घ्यायचं आणि मग घरी. "याला म्हणतात सरकार!" काका म्हणायचे. "पोटच्या पोराला पण दारात थांबवून हातपाय धुवायला लावतात. आपल्याकडे? नवरदेव खोकत असला तरी वरात निघते."

मी म्हणायचे, "काका, पण ज्याचा नंबर लागत नाही त्याने काय करायचं?"

"थांबायचं. मास्तरीणबाई, वर्गात तुम्ही हात वर केल्याशिवाय बोलू देता का?"

मी शाळेत शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. यात माझं शिकवणं किती आणि काकांचं टोमणा मारणं किती, ते मी कधी वजन करून पाहिलं नाही.

दक्षिण आफ्रिकेवरून मात्र ते खरोखर चिडले होते. तिथल्या डॉक्टरांनी हा नवा अवतार ओळखला, लपवला नाही, सगळ्या जगाला ओरडून सांगितलं. आणि जगाने काय केलं, तर त्यांचीच विमानं बंद केली. "खरं बोलला त्याच्या तोंडावर दार!" काका बाकावर हात आपटत म्हणाले. "आता पुढच्या वेळी कुठला देश खरं सांगेल?" एवढं बोलून ते उठले आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेले. तेव्हा मला वाटलं, रागाने गेले.

त्याच आठवड्यात कळलं, की मुलाचा रांगेत नंबर लागला होता. म्हणजे तो इकडे येऊन परत जाऊ शकत होता. कित्येक महिने प्रयत्न करून त्याला ती जागा मिळाली होती. फोनवर तो एकच विचारत होता, "बाबा, आई कशी आहे? येऊ का?"

इथे तुम्ही आणि मी काय उत्तर दिलं असतं, ते आपल्याला माहीत आहे. काकांनी सांगितलं, "आई ठणठणीत आहे. येऊ नकोस."

त्यांचंही गणित होतं. सून गरोदर होती, दिवस भरत आले होते. तो देश नव्या व्हेरियंटच्या धास्तीने कधी काय नियम काढेल याचा भरवसा नव्हता. मुलगा इथे आला आणि मागे दार बंद झालं तर ती पोर परक्या मुलखात एकटी बाळंत होणार. काकांनी दोन्ही बाजू तोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न दाखवता तोलल्या. मुलाने जागा सोडून दिली.

आपल्या लोकांत ही रीतच आहे. मूल दूरदेशी असलं की आईबाप आजारी पडत नाहीत. पडले तर बरे झाल्यावर कळवतात. "उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला," असं म्हणायचं आणि स्वतः घोर गिळायचा. आमच्या इमारतीत ज्यांची ज्यांची मुलं बाहेर आहेत त्या प्रत्येक घरात हे चालतं. काकांनी फक्त ते कारखान्याच्या शिस्तीत चालवलं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. त्याच्या आधी काका मला वर बोलवायचे. मी काकूंचे केस विंचरायचे, अंबाड्यात एखादं फूल, गालांवर जरा पावडर. पाठीमागे तीन उश्या, पण त्या दिसता कामा नयेत, म्हणून वरून चादर. ऑक्सिजनचं ते घरघरणारं यंत्र भाड्याने आणलं होतं, ते काका तेवढ्यापुरतं बंद करायचे आणि नाकातली नळी काढून पदराखाली सरकवायचे. मग समोर, मोबाईलच्या मागे उभे राहून काकूंच्या तोंडाकडे बघत राहायचे. ओठ जरा निळसर दिसायला लागले, की हाताने खूण. आवर.

काकूही वस्ताद. "अरे, उत्तरायण आलं, खाली सगळ्यांकडे उंधियूचा वास सुटलाय," अशी चार वाक्यं एका दमात म्हणायच्या. त्याचं बोलणं चालू असताना श्वास गोळा करायच्या. तो हसला की हसायच्या. फोन बंद झाला की काका धावत यंत्र सुरू करायचे, आणि खोलीत घरघर भरून जायची. मी अंबाड्यातलं फूल काढून ठेवायचे आणि खाली यायचे.

एकदा यंत्र सुरू झाल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, बोलवा की त्याला. एकदा बघते."

"बघशील. देश उघडू दे."

"माझ्यासाठी उघडायला तो काय माझा देश आहे?"

काका यंत्राचं बटण उगाच फिरवत राहिले. त्यांचं घरकाम करणाऱ्या धुळ्याकडच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काकाजी, दुन्यानं मंग दखसूत. पहिले जेवी ल्या." दुनियेचं मागून बघू, एवढं काकांना कळलं आणि ते पानावर बसले. जेवले नाहीत फारसे.

मग लाट आमच्या इमारतीत शिरली. पतंगाच्या दिवसांत सरकारने सांगितलं होतं, गच्चीवर बाहेरची माणसं नकोत. बाहेरची नव्हतीच कुणी. आतल्यांनीच एकमेकांना दिलं. घराघरांत खोकला, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी लोक चहा मागत होते. सगळीकडे एकच शब्द, सौम्य. टीव्हीवर सौम्य, व्हॉट्सअॅपवर सौम्य, लिफ्टमध्ये सौम्य. लेसवाले शेजारी तर म्हणाले, सर्दी छे, सर्दी. त्यांची सर्दी होती, हे खरं. मलाही तेवढीच झाली.

काकूंना मात्र ती सौम्य नव्हती. पहिल्याच दिवशी यंत्र पुरेना. दवाखान्यात हलवताना खुर्चीत बसवून खाली आणलं. लिफ्टच्या दारात त्यांनी माझं मनगट धरलं, काहीतरी म्हणायचं होतं, पण श्वास पुरला नाही. नुसतं हसल्या. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. मरणाच्या दारातही माणसाने चांगलंच का दिसायचं?

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मुलाला काकांनी माझ्यासमोर फोन केला. तिकडून आधी नुसतं 'कधी?' आलं. मग, "बाबा, रविवारी तर बोलली ती. हसत होती."

"हो," काका म्हणाले. "हसत होती."

तोपर्यंत त्या देशाने रांगही थांबवली होती. मिळायला आता नंबरच नव्हते. मुलाने मोबाईलवर आईचं शेवटचं दर्शन घेतलं. मोबाईल मी धरला होता. तो तिकडून म्हणत होता, "ताई, जरा जवळ घ्या, चेहरा दिसत नाहीये."

त्यानंतर काका बाकावर बसायचे बंद झाले नाहीत, पण देश बंद झाले. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "काका, डेन्मार्कने सगळे नियम उठवले म्हणे." "असेल," ते म्हणाले. शेजाऱ्यांनी "आजे कयो देश?" विचारून पाहिलं. काकांनी त्यांना मुलांची खुशाली विचारली. त्यांच्याशी वाद घालण्यासाठी आम्ही जगाच्या बातम्या वाचायला लागलो होतो. आता त्या बातम्या वाचून करायचं काय, तेच कळेना.

अस्थी त्यांनी स्मशानातच ठेवल्या होत्या. तिथे फडताळ आहे, मडक्याला नावाची चिठ्ठी बांधून ठेवता येतं. तिसऱ्या दिवशी तापीत सोडायच्या त्या अस्थी महिना उलटला तरी तिथेच. इमारतीतल्या बायका कुजबुजल्या, इतके दिवस ठेवत नाहीत, जीव अडकतो. मी काकांच्या कानावर घातलं. "अडकू दे," ते म्हणाले. "तिला त्याला बघायचंय."

मुलगा उन्हाळ्यात आला. दारं उघडली, विमानं सुरू झाली, तिकडे त्याला मुलगीही झाली होती. मी त्याला आधी प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, तरी जिन्यात लगेच ओळखलं. काकूंचं नाक. काकांनी मला तापीवर सोबत चला म्हटलं. "घरचं बाईमाणूस कुणी नाही," म्हणाले.

घाटावर गर्दी नव्हती. भटजींनी घाईघाईत विधी उरकले आणि दुसऱ्या एका कुटुंबाकडे गेले. मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला. मडकं दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला. काका शेवटच्या कोरड्या पायरीवर, मी त्यांच्या मागे.

तो न वळताच म्हणाला, "मला खरं सांगितलं असतं ना बाबा, तर नंबर असो-नसो, नोकरी सोडून आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. मला विचारलंसुद्धा नाही."

इथे काका गप्प राहिले असते तर चाललं असतं. दोघांनी ठरवलं, यात मुलालाही जरा आधार होता. आईचीही तीच इच्छा होती, असं समजून तो परत गेला असता, बापावर चिडून का होईना, पण निभावलं असतं त्याने. मी मनात म्हणत होते, काका, गप्प बसा.

"दोघांनी नाही," काका म्हणाले. "ती म्हणत होती, त्याला बोलवा. दर रविवारी फोन ठेवल्यावर म्हणायची. मीच नाही बोलावलं."

मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून त्याने मडकं पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं नाही, काठाकाठाने थोडं लांब गेलं आणि मग कलंडलं. तो पाण्याबाहेर आला, काकांच्या शेजारून पायऱ्या चढला आणि वर रस्त्यावर रिक्षात जाऊन बसला.

काका पाण्याकडे तोंड करून उभे होते. "तिचं म्हणणं पोचवायचं राहिलं होतं," ते मला म्हणाले. "आता पोचलं."

वरून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मुलाने हाक मारली नाही. काकांनी माझा खांदा धरला आणि आम्ही एकेक पायरी वर चढायला लागलो.