गुरुवारची मिनूची जागा

मुलांनो, शरयूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिनूचा कुर्ता इस्त्री करत होते. दर गुरुवारी माझी लेक, तुमची मिनूआत्या, इथल्या कोटरा भागात त्यांच्या गाण्याच्या वर्गाला जाते, गेली वीस-बावीस वर्षं. मी इस्त्री बंद केली, कुर्त्याची घडी घातली, आणि मग बराच वेळ सुचेना, आधी रडायचं की आधी मिनूला सांगायचं...

मिनूला समजायला वेळ लागतो, हे तुम्ही जाणताच. लहानपणी मी तिला चित्रकला, कथक, पोहणं, सगळीकडे नेलं. सगळ्यांनी महिन्याभरात गोड शब्दांत परत पाठवलं. शरयूताईंनी मात्र तिला ओळी पाठ करायला लावल्याच नाहीत. तंबोरा हाती दिला, चार तारा दाखवल्या. म्हणाल्या, "हिला कसलीच घाई नाही. तंबोऱ्याला असंच माणूस लागतं." त्या खोलीत पडद्यातून गाळून आलेलं ऊन, मुलींचं गाणं, आणि एकसारखी चालणारी मिनूची बोटं... मला तिथे बसल्या बसल्या डुलकी लागायची. एरवी मी दुपारी कधी झोपत नाही.

पहिला कार्यक्रम टी. टी. नगरच्या एका सभागृहात झाला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पण मिनू थांबेचना. मागे कोणीतरी हसलं. मी तिला आणायला उठले, तर शरयूताई माइकवरूनच म्हणाल्या, "वहिनी, बैठो! तिचं झालं नाही अजून." आणि डोळे मिटून त्यांनी नुसता सा लावला. मुलींनीही लावला. सगळं सभागृह त्या एका सुरावर तरंगत राहिलं... किती वेळ, कोण जाणे. घड्याळ पाहायचं चक्क मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "मशीनचा तानपुरा लावू या, आटोपशीर होईल."

"मग निमंत्रणही मशीनलाच पाठवा," शरयूताई म्हणाल्या.

आता मिनूसाठी असं कोण भांडणार, हेच मनात घोळत होतं. वर्ग त्यांची शिष्या श्रद्धा चालवणार, असं कळलं. शरयूताई गेल्या, हे मी मिनूला सांगितलं. वर्ग पुन्हा सुरू झाला त्या गुरुवारी ती चपला घालून दारात उभी राहिली. रिक्षात मी वाक्यं जुळवत होते... ती कोणाला त्रास देत नाही, हवं तर मी सोबत बसेन. नकार तिच्या कानांवर पडू नये, म्हणून आधी मी उतरले.

पण मिनू मला मागे टाकून आत गेली. खिडकीखाली सतरंजी अंथरलेली होती, तंबोरा गवसणीतून काढून ठेवलेला. मुली गप्प बसल्या होत्या.

"मिनू दीदी, जल्दी आओ ना! हम कब से बैठे हैं," एक चिमुरडी म्हणाली.

मिनू बसली. तारा छेडल्या. श्रद्धाला मी दारात दिसले. मी बोलणार, तोच ती म्हणाली, "काकू, वर्ग सात वाजता सुटेल हं."

मी पायरीवर आले. आत एकेक गळा मिनूच्या तारांशी आपला सूर जुळवून बघत होता... माझी वाक्यं सगळी तशीच राहिली.