ठंडा करायचा रुपया

१९९६ साल होतं, मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. लेकीच्या लग्नानंतर व्याही पहिल्यांदाच राजेगावहून बालाघाटला आमच्याकडे आले होते. परत जाताना बसस्टँडवर मी त्यांना कोल्ड्रिंकची थंड बाटली पाजली. झाकणावर किंमत छापलेली होती, सगळे कर धरून. मी तिसरी शिकलेला, पण आकडे मला वाचता येतात. तेवढेच पैसे मी दिले.

दुकानदार म्हणाला, "काका, एक रुपया और. ठंडा करने का अलग लगता है."

"काहून? सरकारनं किंमत छापाले लावली, ते काय शोभेले? बाटली देतानी काहून नाही सांगतलं?"

"तो गरम पी लेते!" आजूबाजूचे हसले.

मी हटलो नाही. तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला. "जाऊ द्या ना हो इवाईबुवा," म्हणत व्याह्यांनीच रुपया टाकला आणि धावत गाडीत चढले.

लेकीच्या सासरी आम्ही पाणीही पीत नाही, अन् माझ्या गावात माझ्या पाहुणचाराचे पैसे व्याह्यानं भरले! ते झाकण खिशात घालून घरी आलो. घास उतरेना. ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत फिरत राहिलो.

बायको म्हणाली, "एका रुपयापायी जीव देता काय?"

"हौ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं राजेगावला गेलो, व्याह्यांच्या हातावर रुपया ठेवला आणि दारातूनच फिरलो. तिथून थेट बालाघाटच्या नापतौलच्या, म्हणजे वजनमापाच्या सरकारी दफ्तरात जाऊन साहेबाच्या टेबलावर झाकण ठेवलं. म्हणालो, "साहेब, याच्यावर ठंडा करायचा रुपया कुठी लिहिला हाये, मले दाखवा."