अडतीस सायटेशन

दिगांबर गेल्याला पाच आठवडे झाले. बातमी मला कॉलेजच्या फोनवरून कळली, आणि बातमीच्या मागोमाग काम आलं. "श्रद्धांजलीच्या पत्रकात टाकायचं आहे, सरांची सायटेशन किती ते काढून द्या." मी तिथलाच ग्रंथपाल, तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, सावनेरच्या शाळेपासूनचा मित्र. आकडा मला तोंडपाठ होता. अडतीस. सांगून टाकला, आणि लगेच वाटलं, सांगायला नको होता...

तरुणपणी त्यानं एक लेख लिहिला होता. संत्र्याला डिंक्या रोग होतो तो पाणी कमी पडल्यानं, तेव्हा बुंध्याशी भरपूर पाणी द्या. ते साफ चूक होतं. नरखेडच्या बागा हिंडून, मुळं उकरून त्यालाच ते उमगलं, आणि खोडाला पाणी लागूच देऊ नका, असं सांगणारा दुसरा लेख त्यानं स्वतःच लिहिला. पहिल्या लेखाचा उल्लेख अडतीस जणांनी आपापल्या लेखांत केला, तो बहुतेक खोडून काढायला. दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बढतीच्या अर्जासाठी मी तो आकडा काढून दिला, तर तो माझ्यावरच उखडला. "लोक मले चूक म्हणून राहिले, अन् तू ते मार्कावानी मोजून राहिला काय गा?"

"समिती काही वाचत नाही बे, आकडा पाहते. टाक न!"

त्यानं रकाना कोरा सोडला. बढती हुकली. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता समितीचा येतो, आणि माझाही.

दर शनिवारी तास संपले की तो सक्करदऱ्याला घरी जाण्याआधी लायब्ररीत डोकवायचा. "दुसऱ्याले लागलं काय गा काही?" मी कॉम्प्युटरवर शोधायचो. शून्य. पहिल्या लेखावर नवी टीका आली असली, की तिची प्रिंट मागून घ्यायचा आणि समासात लाल पेन्सिलीनं लिहायचा, 'बरोबर'. ती फाइल माझ्याच कपाटात असायची.

पत्रक छापून आलं. फोटोखाली ठळक अक्षरांत 'अडतीस सायटेशन लाभलेले संशोधक'. मी ओरडलो, तर क्लार्क म्हणाला, "साहेब, एवढे तर आपल्या कॉलेजात कोणालेच नाहीत."

परवा शनिवारी सवयीनं त्याचं नाव टाकलं. दुसऱ्या लेखापुढे एक. एक! आसामकडच्या कुण्या मुलीनं तो पूर्ण वाचून, तिकडच्या संत्र्यांवर त्याच रीतीनं काम केलं होतं. मी प्रिंट काढली आणि मूर्खासारखा दाराकडे पाहत बसलो... मग ती फाइलला लावली. पेन्सिल अजून फाइलच्या दोरीला बांधलेली आहे. या एका कागदाचा समास तेवढा कोरा आहे.