गाजरगवतावरचे भुंगे

आईचं शेतात जाणं गाजरगवताने बंद केलं. त्या झाडाचा वारा लागला तरी तिची मान आणि हात लाल होऊन खाजायचे. निंदायला सगळ्या बायांच्या पुढे असणारी आई तीन पावसाळे देऊळघाटजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून विचारायची, "तूर कुठलोक वाढली रे?" उत्तर देताना मला रडू यायचं.

मग कृषी खात्यातल्या ओळखीच्या माणसाने मला बरणीभर भुंगे दिले. तुरीच्या दाण्याहून जरा मोठे, मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट वेड्यावाकड्या रेघा. म्हणाला, हे गाजरगवतच खातात. शेजारी उखडला, "माह्यं सोयाबीन खाल्लं तं?" मी बरणीत सोयाबीनची पानं टाकून दोन दिवस ठेवली. पठ्ठे उपाशी राहिले, पण पानाला तोंड लावलं नाही. ती पानं शेजाऱ्याला दाखवली आणि भुंगे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर सोडले.

त्याच पावसाळ्यात पोळ्यापर्यंत धुऱ्यावर गाजरगवताचे नुसते खराटे उरले. आईला म्हटलं, पुढच्या पेरणीला तुला नेतो. दिवाळीनंतर भुंगे दिसेनासे झाले. मेले असतील, असं मी ठरवून टाकलं. ज्याने दिले त्याला एक फोन करावा, तर नाही. मला सगळं कळतं ना!

उन्हाळ्यात आमच्याकडे धुरे खणून साफ करतात आणि पेटवतात. मीही अर्धा धुरा पेटवला. उरलेला खणताना एक ढेकूळ फुटलं, आत चार भुंगे. ते मेले नव्हते, पावसाची वाट पाहत मातीत निजले होते. जळालेल्या अर्ध्या धुऱ्याकडे पाहून मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

ते ढेकूळ घरी नेलं. आईने तळहातावर घेतलं. एका भुंग्याने पाय हलवला.

"जित्ते हायेत बाप्पा!" ती म्हणाली.

मी खरं ते सांगितलं. बाकीचा धुरा साफ केला तर हेही जातील. नाही केला तर पेरणीपर्यंत गाजरगवत पुन्हा उगवेल, आणि तुला येता येणार नाही.

तिने फार विचार केला नाही. "निजू दे त्यायले. मी बसतो घरी, आनखी एक साल."

मी ढेकूळ परत ठेवायला निघालो. तिने मला थांबवलं, माझ्या खिशात हात घातला आणि काडीपेटी काढून घेतली.